डावा पॅड आणि छकुलीची बारी

मित्रांनो, मी एक जुना पॅड आहे. डाव्या पायाचा. हॉकीत गोल राखणारी खेळाडू दोन्ही पायांना जाड गादीसारखं काहीतरी बांधून उभी असते ना, त्यातला डावा मी आणि उजवा माझा भाऊ. आम्ही एकाच दिवशी, एकाच कापडातून जन्मलो, पण तो पहिल्यापासून अबोल आहे. त्यामुळे दोघांची हकिगत मलाच सांगावी लागते. शिवाय आमच्या भागात डाव्याला मान आहे. आमच्या मैदानाला लागून जो कालवा वाहतो, त्याचं नावच नीरा डावा कालवा. उजव्याने यावर आजवर काही उत्तर दिलेलं नाही.

माझा जन्म फार लांबचा, जालंधरचा. तिथल्या एका शेडमध्ये वेताच्या कांबी उभ्या लावून, मध्ये कापूस ठासून, वरून जाड कॅनव्हास शिवून मला तयार केलं. मग पाठीमागे चामड्याचे तीन पट्टे लावले. प्रत्येक पट्ट्याला पितळी बकल आणि पाच छिद्रं. ही छिद्रं लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे. पोत्यात बसून, आगगाडीने आणि मग मालमोटारीने आम्ही भवानीनगरला आलो. साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या तरुणांनी तेव्हा हॉकीचा संघ काढला होता. मळीचा वास मला पहिल्यांदा नकोसा झाला होता. आता तो आला नाही तर करमत नाही.

माझ्यात पहिला पाय घातला तो आबाजींनी. आबाजी सणसरचे. त्यांची नोकरी पाटकऱ्याची, म्हणजे कालव्याचं पाणी ज्याच्या त्याच्या शेताला वेळेवर सोडायची. दिवसभर पाटाच्या कडेने सायकल हाणायची आणि संध्याकाळी येऊन गोलात उभं राहायचं. पाटकरी म्हणून त्यांचं मोठं नाव होतं. कुणी मोठा बागायतदार असो की पाटाच्या शेवटच्या टोकाचा, म्हणजे टेलचा, छोटा शेतकरी असो, ज्याची पाळी त्याचं पाणी. टेलला पाणी पोहोचलं नाही तर आबाजी जेवत नसत, असं लोक सांगायचे. मी स्वतः पाहिलं नाही, पण माझा विश्वास आहे.

पुढे त्या तरुणांची लग्नं झाली, पोरांच्या हातात बॅट आल्या आणि हॉकीचा संघ हळूहळू विरून गेला. आबाजींनी आम्हाला घरी नेलं आणि आमची रवानगी माळ्यावर झाली. किती वर्षं गेली कोण जाणे. उजव्याच्या पोटात मांजरीने तीनदा पिल्लं घातली आणि माझ्याकडे ती फिरकलीसुद्धा नाही. मला त्याचं वाईट वाटलं, हे कबूल करतो. माळ्यावर पडलेल्या वस्तूला कुणीही आलेलं चालतं.

मग एका वर्षी शाळेतल्या मुलींनी हॉकी सुरू केली. शिकवणाऱ्या सरांची लगेच बदली झाली आणि मुली थेट आबाजींच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आबाजी तेव्हा निवृत्त होऊन ओसरीवर बसून कंटाळले होते. त्यांनी आम्हाला खाली काढलं. त्यांच्या पत्नी धोंडाबाईंनी दाभण घेतलं आणि गोधडीला घालतात तसे घट्ट टाके घालून माझी फाटलेली कड शिवली. आतला कापूस गोळा झाला होता, तो काढून जुन्या लुगड्याच्या चिंध्या भरल्या. तेव्हापासून मी थोडा जालंधरचा आणि थोडा धोंडाबाईंचा आहे.

मुली आबाजींना आबा म्हणू लागल्या. बारामती आणि इंदापूरकडच्या मुलींच्या संघांची साखळी स्पर्धा दिवाळीनंतर सुरू व्हायची आणि गहू पिकायच्या सुमाराला संपायची. पहिले चार संघ बाद फेरीला जाणार. आमचा संघ कधी तिथवर गेला नव्हता. आबांना हॉकी उत्तम येत होती, पण संघ निवडायची त्यांना एकच रीत ठाऊक होती, पाणी वाटायची. मुली सोळा आणि जागा अकरा, तेव्हा त्यांनी सरळ पाळी लावली. या सामन्याला बसलेली पुढच्याला खेळणार आणि खेळलेली कुणीतरी बसणार. वशिला नाही आणि रुसवाफुगवाही नाही.

"आज कुनाची पाळी हाय?" असं ते मैदानात खणखणीत आवाजात विचारायचे. मुली ओठ दाबून एकमेकींच्या पाठीमागे तोंड लपवायच्या. आबांना वाटायचं, खेळायच्या आनंदाने हसतायत. शेवटी धोंडाबाईंनीच त्यांना सुनावलं, "अवो, पोरींच्या म्होरं पाळी पाळी काय करताय? बारी म्हना." आबांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे बारी सुरू झाली.

आता माझ्या दोन मुलींविषयी सांगतो. गोल राखणाऱ्या दोघी होत्या आणि पॅडची जोडी एकच, म्हणून आम्हीही बारीने त्या दोघींचे. राजलक्ष्मी सणसरची. बुटकी, भरल्या पोटऱ्यांची आणि तोंडाने भारी बडबडी. गोलात उभी राहिली की तिचं तोंड एक क्षण मिटायचं नाही. "प्राची, डावीकडं. घे तू. सोड आता, माझा हाय." दुसरी छकुली, काटेवाडीची. नाव छकुली, पण संघात सगळ्यांत उंच आणि पाय उसाच्या कांड्यासारखे सडपातळ. ती गोलात मुकी असायची. पण चेंडू समोर दिसला की अशी झेपावून पुढे यायची की समोरच्या मुलीची स्टिक हवेतच राहायची. राजलक्ष्मीच्या पायाला माझे पट्टे पहिल्या छिद्रात बसत आणि छकुलीच्या पायाला पार शेवटच्या, पाचव्या छिद्रात. दर सामन्याला बकल इकडून तिकडे. पट्ट्यांच्या नाकी नऊ यायचे, पण मला दोघीही आवडायच्या. एक कानाला गोड आणि दुसरी पायाला हलकी.

सुरुवातीचे सामने या बारीने छान गेले. प्रत्येक मुलगी खेळायला शिकली. घरी जाऊन आईला सांगायला प्रत्येकीकडे काहीतरी असायचं. आबांचा जीवही भांड्यात पडलेला असायचा, कारण त्यांच्या कालव्यावर कुणाचीच तक्रार नव्हती.

पण स्पर्धा शेवटाला आली तशी इतर संघांनी आपापल्या अकरा जणी पक्क्या केल्या. आम्ही मात्र दर वेळी नव्याच. मग तळाला असलेल्या एका संघाशी आमचा सामना झाला. खरं तर तो आम्ही सहज जिंकायला हवा होता. त्या दिवशी बारी राजलक्ष्मीची होती. तिच्यापुढे बचावाला, फुलबॅक म्हणून, होती प्राची, छकुलीची चुलत बहीण. आधीच्या सामन्यात प्राचीच्या मागे छकुली होती. बरोबरी असताना एक साधा, घरंगळत येणारा चेंडू आला. प्राचीने तो सोडून दिला, कारण मागून कुणीतरी झेपावून येईल अशी तिच्या अंगाला सवय झाली होती. राजलक्ष्मी मात्र जागेवर उभी राहिली, कारण प्राची तो घेईल असं तिला वाटलं. तिने ओरडायला तोंड उघडलं तोवर उशीर झाला होता. चेंडू माझ्या कडेला पुसटसा लागून मागच्या फळीवर आदळला. तो आवाज मला अजून आठवतो. आम्ही हरलो. आता उरलेले दोन्ही सामने जिंकले तरच बाद फेरी, नाहीतर वर्षभराची मेहनत तिथेच संपणार होती.

संध्याकाळी धोंडाबाई ओसरीवर माझा उसवलेला टाका घालत होत्या. आबा खांबाला टेकून बसले होते.

"कुनाची चूक झाली आज?" धोंडाबाईंनी विचारलं.

"कुनाचीच न्हाय. समद्या बारीप्रमानं खेळल्या."

"मग हरला कशापायी?"

धोंडाबाईंनी दाभण माझ्या आरपार काढलं आणि धागा ओढला.

"एक सांगा," त्या म्हणाल्या, "गव्हाची ओंबी भरायला लागली की तुमी नव्या पेरनीला पानी सोडत हुता का?"

"छ्या. तवा उभ्या पिकालाच पानी. त्या टायमाला पानी हिकडं तिकडं केलं तर दाना पोचट ऱ्हातो."

"मग तुमच्या पोरींची ओंबी कवा भरायची?"

आबांनी कालव्याच्या दिशेने पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "पर ज्यांची बारी जाईल त्यांना काय सांगू?"

"ते मला नगा इचारू. पानी तुमी सोडत हुता."

दुसऱ्या दिवशी मैदानात आबांनी मुलींना गोल करून बसवलं आणि सांगितलं, "आजपासनं बारी बंद. आता शेवटपत्तूर त्याच अकरा जनी खेळतील." दहा नावं त्यांनी घेतली. गोलाचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र ते थांबले. त्यांनी दोघींना आळीपाळीने गोलात उभं केलं आणि बाकीच्यांना चढाई करायला लावली.

आता गंमत ऐका. आबा गोलाकडे बघतच नव्हते. मला वाटलं, म्हाताऱ्याला दिसेनासं झालं की काय. मग लक्षात आलं, ते प्राचीच्या मानेकडे बघतायत. पाटकरी पाटाच्या दारावर उभा राहून पाणी बघत नाही. पाणी नीट चाललंय की नाही ते टेलला जाऊन कळतं, तसंच काहीसं ते करत होते. छकुली गोलात असताना प्राचीची मान दर चढाईला मागे वळायची. आली का, येतेय का? राजलक्ष्मी उभी राहिली की मागून आवाज सुरू आणि प्राची एकदाही वळून बघत नव्हती. तिचे डोळे समोर, स्टिक खाली आणि चित्त चेंडूवर. छकुलीने जास्त चेंडू अडवले होते, हे मी तुम्हाला सांगतो, कारण ते माझ्यावरच आदळले होते. पण आबांनी ठरवलं ते मानेवरून.

छकुली खाली बसून माझी बकलं सोडत होती. आबा गुडघ्यावर हात टेकत तिच्याशेजारी मातीत बसले.

"छकुले, आता राजलक्ष्मी उभी ऱ्हाईल. शेवटपत्तूर."

छकुलीचा हात थांबला. "मी वाईट खेळले का, आबा?"

"न्हाय. लई चांगली खेळलीस."

"चांगली खेळले, तरीबी?"

"व्हय. तरीबी."

आबा दुसरं काही बोलू शकले असते. पुढच्या वर्षाचं काही, किंवा मन राखणारं काही. ते बोलले नाहीत आणि उठूनही गेले नाहीत. छकुलीने शेवटचा पट्टा असा हिसडला की चामडं करकरलं. मला दुखलं. पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते तिने मला बाजूला ठेवलं तेव्हा, कारण तिने मला हळूच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. प्राची एकटीच स्कूटीवरून आली. "सांजच्याला जेवलीबी न्हाय ती," एवढंच तिने आबांना सांगितलं. त्या दिवशी आबा सरावापेक्षा काटेवाडीच्या रस्त्याकडेच जास्त बघत होते. उसाचे ट्रॅक्टर जात होते, येत होते. राजलक्ष्मीही पहिल्यांदाच गोलात गप्प होती. जागा मिळाली होती, पण तिला ती गोड लागत नव्हती. तिचा पाय माझ्यात घामाने भिजला होता आणि ती स्वतःशीच सारखी पुटपुटत होती, "माझ्यामुळं झालं सगळं."

तिसऱ्या दिवशी छकुली आली. कुणाशी बोलली नाही, आबांशीही नाही. तिने एक स्टिक घेतली, समोर चेंडू मांडले आणि राजलक्ष्मीकडे बघून म्हणाली, "उभी ऱ्हा."

मित्रांनो, मी आयुष्यात खूप मार खाल्ला आहे, पण त्या संध्याकाळी खाल्ला तसा कधी नाही. छकुलीला माझी खोड माहीत होती. माझ्या बाहेरच्या कडेला, अगदी खाली, जिथे धोंडाबाईंचा टाका आहे, तिथे मी जरा कमजोर. डाव्या कोपऱ्यात खाली चेंडू आला की मी जरा उशिराच पोहोचतो. आणि ती नेमकी तिथेच मारत होती. पहिले कितीतरी चेंडू आत शिरले. राजलक्ष्मीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बास कर गं आता," प्राची मध्ये पडली.

"तू गप. इंदापूरच्या पोरी हिला बास म्हनतील का?" छकुली म्हणाली आणि पुन्हा मारलं.

आबा लांब उभे होते. रोज संध्याकाळी हेच चाललं. छकुलीचा राग माझ्या अंगावर येत होता आणि हळूहळू त्यातलं काहीतरी बदलत होतं. एकदा राजलक्ष्मीने तो डावा खालचा चेंडू लाथेने बाहेर काढला, तेव्हा छकुलीच्या तोंडून नकळत "हां" निघालं. मग दोघींनीही न ऐकल्यासारखं केलं. त्या दिवशी राजलक्ष्मीची बडबड परत आली.

उरलेल्या दोनांपैकी पहिला सामना आम्ही जिंकला. त्याच अकरा जणी, तीच जागा आणि तोच आवाज. प्राची एकदाही मागे वळली नाही. पट्ट्यांनाही सवय झाली. बकल पहिल्या छिद्रात जाई आणि तिथेच राही. मी पायाला असा बसू लागलो की राजलक्ष्मी मला बांधलंय हेच विसरायची.

शेवटचा सामना इंदापूरच्या संघाशी, बारामतीला होता. पहिल्या अर्ध्या खेळात आमच्या सुप्रियाने एक गोल केला आणि मग उरलेला सगळा वेळ इंदापूरच्या मुली आमच्या अंगावर आल्या. अगदी शेवटी त्यांना पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलासमोरून थेट फटका मारायची संधी, मिळाला. गोल झाला असता तर बरोबरी आणि आमची बाद फेरी गेली असती. मी बाकाकडे पाहिलं. आबांनी टोपी काढून मुठीत धरली होती. छकुली बाकावर बसलेली नव्हती. ती रेषेच्या अगदी कडेला उकिडवी बसली होती आणि तिने स्वतःचा डावा पाय दोन्ही हातांनी धरला होता.

चेंडू आला तो डावीकडे, खाली, माझ्या टाक्यावर. राजलक्ष्मीचा पाय चेंडूच्या आधी निघाला होता. तो विचार करून निघाला नव्हता. आठवडाभर रोज संध्याकाळी तो तिथेच जात होता, म्हणून गेला. चेंडू माझ्यावर आदळला, टाका उसवला, आतली लुगड्याची चिंधी बाहेर आली, पण चेंडू आत गेला नाही. प्राचीने तो मागे न बघता लांब टोलवला आणि शिट्टी झाली.

सगळ्या राजलक्ष्मीच्या अंगावर पडल्या. मी खाली चेंगरलो होतो, पण त्याचं मला काही वाटलं नाही. गर्दी हटली तेव्हा राजलक्ष्मीला घामाने भिजलेल्या पट्ट्याचं बकल सुटेना. छकुली येऊन गुडघ्यावर बसली आणि तिने पट्टा हातात घेतला.

"तुझाच बॉल आला गं," राजलक्ष्मी रडत हसत म्हणाली. "डाव्या कोपऱ्यात. अगदी तुझाच."

छकुलीने मान वर केली नाही. "माझा असता तर आत गेला असता," ती म्हणाली आणि बाहेर आलेली चिंधी बोटाने आत सारली.

आता बाद फेरी आली आहे आणि गोलात राजलक्ष्मीच उभी राहणार आहे. पहिलं छिद्र वापरून मोठं आणि गुळगुळीत झालंय. पाचव्यात धूळ बसू लागली आहे. कानातलं घातलं नाही की टोचलेला कान बुजतो, तसंच चामड्याचंही होतं. छकुली अजून रोज येते, रोज त्याच कोपऱ्यात मारते आणि कधीकधी अंधार पडता पडता आम्हाला बांधून स्वतःही थोडा वेळ उभी राहते. तेव्हा बकल पाचव्या छिद्रात घालताना तिला जोर लावावा लागतो. तिने ते कुणाला सांगितलं नाही, पण आबांनी पाहिलं असावं.

मित्रांनो, माझं आता वय झालंय. माझी तुमच्याकडे फार मोठी मागणी नाही. चामड्याला अधूनमधून एरंडेल लावा, पावसाळ्यात आम्हाला ओल्या भिंतीला टेकवू नका आणि खेळ संपल्यावर लाथेने बाजूला सारू नका. आणि तुमच्या संघातलं जे कुणी बाकावर बसलं असेल, त्याला खोटं काही सांगू नका. पण त्याची जागाही बुजू देऊ नका. तीसुद्धा आमच्यासारखीच न वापरल्याने आखडते.

काल सराव संपल्यावर आबांनी आम्हाला घरी आणलं. खुंटीला अडकवायच्या आधी त्यांनी मला मांडीवर घेतलं, बोटावर थोडं एरंडेल घेतलं, तिन्ही पट्टे ओढले आणि बकलं पाचव्या छिद्रात घालून घट्ट बसवली.

धोंडाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी वळून विचारलं, "हे वो काय? उद्या राजलक्ष्मीलाच बांधायचं हाय ना?"

"व्हय, उद्या सकाळी सोडीन," आबा म्हणाले. "रातची बारी छकुलीची हाय."